गाडीतळाचे पुण्य

पनवेलच्या खाडीच्या दक्षिण काठावर, एका बाजूस भरतीचे पाणी आणि दुसऱ्या बाजूस खारभूमीची शेते यांच्यामध्ये शतकानुशतके नांदत आलेले उलवे हे गाव आज ज्यांना ठाऊक आहे, त्यांपैकी बहुतेकांना ते केवळ नव्या मुंबईचा एक नवा भाग म्हणूनच ठाऊक आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावाशेव्याकडे येणाऱ्या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी खारकोपरपर्यंत येऊन थांबलेली लोहमार्गाची शाखा उरणपर्यंत खुली झाली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि उलव्यासकट दहा गावे-पाडे आपल्या मूळ जागेवरून उठले. अशा स्थितीत या भूभागाच्या प्रवासाचा इतिहास आत्ता कोठे आरंभ होत आहे असा समज कोणाचाही व्हावा; परंतु वस्तुस्थिती अशी आहे की दख्खनच्या पठाराला समुद्राशी जोडणाऱ्या अतिप्राचीन वाटांपैकी एक वाट याच खाडीच्या काठापासून निघते, आणि त्या वाटेने या किनाऱ्यावरील कुटुंबेच्या कुटुंबे आपली शिदोरी, अंथरूण, लेकरे आणि देवाचा नवस गाडीत घालून दरवर्षी घाट चढून जात असत.

सहकुटुंब, बिऱ्हाड चाकांवर घालून केलेल्या प्रवासाची चर्चा आता आपल्याकडे नव्याने होऊ लागली आहे. ऑस्ट्रेलियात मोटारीच्या मागे लहानसे घर जोडून आठवडेच्या आठवडे मुलांबाळांसह भटकण्याची जी रीत आहे, तिची वर्णने तेथे स्थायिक झालेल्या आप्तांकडून आपल्या कानांवर येतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ही गोष्ट आपल्याला परकी वाटावी याचे मला नवल वाटते. आपल्या पूर्वजांनी अशा प्रवासाची संपूर्ण व्यवस्था उभी केली होती, आणि ती व्यवस्था गाडीच्या घडणीत जितकी होती त्याहून कितीतरी अधिक वाटेवरील मुक्कामांत होती, हे या वाटेचा इतिहास पाहू जाता स्पष्ट दिसते.

या वाटेचा मधला दुवा म्हणजे बोरघाट. घाटमाथ्यापलीकडे कारले, भाजे आणि बेडसे येथे जी लेणी खोदली गेली ती निव्वळ एकांताच्या शोधात खोदली गेली नाहीत. किनाऱ्यावरील बंदरांकडून देशावरील नगरांकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या अंगाखांद्यावर ती वसली आहेत. कारल्याच्या भव्य चैत्यगृहातील लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटचे रहिवासी आहेत, आणि त्या रहिवाशांत यवनही आहेत. म्हणजे दूरदूरचे लोक या मार्गाशी संबंध ठेवून होते. विशेष लक्षात घेण्याजोगे दान मात्र भाज्याला आढळते. तेथे महारथी कोसिकीपुत विण्हुदत याने पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, धर्मदाय म्हणून दिल्याचा लेख कोरलेला आहे. मूर्ती, स्तंभ, चैत्य यांच्या बरोबरीने पाण्याचे टाके हेही पुण्यकर्म मानले गेले, आणि तहानलेल्या वाटसरूची सोय करणाऱ्याचे नाव दगडात अमर झाले, ही या मार्गाची पहिली शिकवण होय.

त्यानंतरच्या दीर्घ काळात या घाटाने जी वाहतूक चालली ती मुख्यतः बैलांच्या पाठीवरून चालली. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे देशावरचे धान्य खाली आणीत आणि उरण-पनवेलच्या मिठागरांतले मीठ गोण्यांत भरून वर नेत. आजच्या भाषेत ज्याला आपण फिरते घर म्हणतो त्याचे सर्वांत पूर्ण स्वरूप या तांड्यांतच पाहावयास मिळे. कारण तांडा म्हणजे मालवाहू पुरुषांची टोळी नव्हे, तर नायकाच्या आज्ञेत चालणारे, स्त्रिया, म्हातारे, तान्ही मुले, कुत्री आणि शेकडो बैल यांचे एक चालते गाव. तळ कोठे पडावा, चारा-पाणी कोठे मिळेल, जकात कोठे भरावी लागेल, कोणत्या मुलखातून दस्तकावाचून जाता येणार नाही, याचे ज्ञान नायकाजवळ असे, आणि त्या ज्ञानाच्या बळावरच लढायांच्या धामधुमीतही मराठ्यांच्या व इंग्रजांच्या छावण्यांना रसद पोहोचत असे.

गाडी मात्र या घाटाला फार उशिरा चढली. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने तोफा नेता येतील इतपत वाट करून घेतली होती, तथापि १८२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर बिशप हेबर मुंबईहून होडीने पनवेलला उतरून चौक, खोपोली, खंडाळा या मार्गाने पुण्याकडे गेला, त्या वेळी चाकांच्या वाहनांसाठी हा घाट सुगम झालेला नव्हता. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या अमदानीत पक्क्या सडकेचे काम पुरे होऊन १० नोव्हेंबर १८३० रोजी ती रहदारीस खुली झाली. सडक झाली तरी तीवरून चालण्याजोगी गाडी मिळणे हा निराळा प्रश्न होता. कारण देशावरील जुन्या गाड्या अतिशय बोजड, पुष्कळदा दगडी चाकांच्या असत आणि त्यांना ओढण्यास बैलांच्या अनेक जोड्या लागत. महसुली मोजणीच्या कामावर असलेल्या लेफ्टनंट गेसफर्डने १८३६ च्या सुमारास सोलापूरकडील टेंभुर्णी येथे हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या बनविण्याचा कारखाना काढला आणि तेथून त्या धर्तीच्या गाडीचा प्रसार होत गेला. सडक आणि गाडी यांचा असा संयोग घडल्यावर देशावरचा कापूस पनवेल बंदरात उतरू लागला, तेथून पडावांतून मुंबईस जाऊ लागला, आणि परतणाऱ्या गाड्या मीठ घेऊन घाट चढू लागल्या.

या घडामोडींतून पनवेलला एक कसब वाढीस लागले, त्याचा अभिमान या परिसराने बाळगला पाहिजे. पनवेलचा मुख्य उद्योग गाड्यांची चाके बनविणे हा असून देशावरून खाली उतरणारी प्रत्येक गाडी येथून चाकांची एक जोडी विकत घेते, अशी नोंद सरकारी गॅझेटियरात आढळते. कोकणच्या रानातले तिवसासारखे चिवट लाकूड आणि पिढीजात सुतार-लोहार हे दोन्ही येथे एकत्र आले होते. चाकाच्या मध्याचा तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वर्तुळाकार जोडलेल्या लाकडी पाट्या आणि या सर्वांना आवळून धरणारी लोखंडाची धाव, इतकी त्याची अंगे. धाव चढविण्याचे काम पाहण्यासारखे असे. चाकाच्या परिघाहून किंचित लहान केलेले लोखंडी कडे जमिनीवर आडवे ठेवून त्याच्या सभोवार गोवऱ्या रचीत आणि पेटवून देत. कडे सर्वत्र सारखे लाल झाले की दोघे-तिघे जण लांब सांडशींनी ते उचलून चाकावर बसवीत, लाकडाचा धूर निघत असतानाच घणाचे घाव घालून ते जागेवर आणीत, आणि लगेच त्यावर घागरींनी पाणी ओतीत. लोखंड आकसू लागले की आरे तुंब्यात करकरत घट्ट रुतत आणि सुटे सुटे असलेले सारे लाकूड एकजीव होऊन जाई. एकाही खिळ्यावाचून बसलेली ती धाव घाटातील खडकावर वर्षानुवर्षे टिके. ज्याच्या हाताने ती बसविली त्या लोहाराच्या अंदाजावर पुढच्या सगळ्या प्रवासाचा भरवसा असे.

याच चाकांवरून उलवे, वहाळ, गव्हाण, मोरावे, तरघर, कोंबडभुजे अशा खाडीकाठच्या गावांतली आगरी-कोळी कुटुंबे कारल्याच्या एकवीरेच्या यात्रेला जात. काशी-रामेश्वरासारख्या दूरच्या यात्रांना घरची सारी मंडळी क्वचितच जात; पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांसह उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले, तो वृत्तान्त ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध आहे, त्यातही घरची माणसे मागे राहून वाट पाहत आहेत असेच दिसते. कुलदैवताची गोष्ट वेगळी होती. तिथे तान्ह्या मुलाचे जावळ काढावयाचे, नव्या सुनेच्या हातून ओटी भरावयाची, वर्षभरात बोललेला नवस फेडावयाचा. ही कामे घरातील एखाद्याने जाऊन उरकता येण्याजोगी नव्हती. चैत्र शुद्ध षष्ठीला देवघर येथे देवीच्या भावाची, काळभैरवाची यात्रा आणि सप्तमीला वेहेरगावच्या डोंगरावर देवीची पालखी, हा क्रम ठरलेला असल्यामुळे गुढी उतरली की दोन-तीन दिवसांत गाड्या जुंपणे भाग असे.

या प्रवासाची तयारी हा स्वतःच एक सोहळा होता. भाताची कापणी-मळणी होऊन शेते मोकळी झालेली असत, परंतु मीठ पिकण्याचा हंगाम मात्र तोच, त्यामुळे मिठागर ज्यांच्याकडे असे त्यांना घरातले एखादे माणूस मागे ठेवावे लागे. बैलांना पत्र्या मारून घ्यावयाच्या, आखाला वंगण घालावयाचे, धाव सैल झाली असल्यास चाके रात्रभर पाण्यात ठेवून लाकूड फुगवून घ्यावयाचे, जुवाच्या शिवळा आणि जुंपण्या तपासावयाच्या, साट्यावर बांबूच्या कांबी वाकवून त्यांवर तट्ट्याचे छप्पर बांधावयाचे, ही पुरुषांची कामे. गाडीच्या तळाशी पेंढ्याचा जाड थर पसरला जाई. तोच बसणाऱ्यांची गादी आणि तोच वाटेत बैलांचा चारा, त्यामुळे प्रवास पुढे सरके तशी गादी पातळ होत जाई. स्त्रियांकडे शिदोरीचे काम असे. तांदळाचे पीठ, गूळ, पोहे, भाजलेले चणे, वर्षासाठी वाळवून ठेवलेल्या सुकटी-बोंबलांतला वाटा, मिठाची पुरचुंडी, वाटलेला मसाला, तवा, टोप, हंडा, आणि तीन दगड कोठेही मिळतील म्हणून चूल मात्र नाही. कोणती वस्तू तळाशी आणि कोणती हाताशी ठेवावी हे घरातली वडीलधारी बाई ठरवी, आणि तिच्या व्यवस्थेत ढवळाढवळ करण्याचा अधिकार कर्त्या पुरुषालाही नसे. दागिने व रोकड वेगळ्या ठिकाणी, ओटीचे साहित्य वेगळ्या फडक्यात, लहान मुलांसाठी घुटीचे औषध पदराशी.

उलव्यापासून कारल्याचे अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास भरते. लादलेली बैलगाडी चैत्राच्या उन्हात दिवसाकाठी वीस-बावीस किलोमीटरांहून अधिक चालत नाही, म्हणून ही वाट साहजिकच तीन-चार मजलांत विभागली जाई. पहिली मजल पनवेलची, जिथे राहिलेला बाजार होई आणि चाकांची अखेरची पाहणी होई. तिथून इर्शाळगडाच्या पायथ्याचे चौक, पुढे घाटाखालची खोपोली, आणि मग घाट. पहाटेच्या अंधारात गाड्या जुंपून ऊन तापण्यापूर्वी झाडाखाली सोडावयाच्या, उतरत्या उन्हात पुन्हा जुंपावयाच्या, असा परिपाठ असे. घाट चढताना जडशीळ माणसांवाचून सगळे पायउतार होत. बैलांच्या कष्टांत आपला भार नको, ही जाणीव पोरांनाही शिकवावी लागत नसे. उतरतीला गाडी बैलांवर लोटू नये म्हणून मागे लाकडाचा ओंडका बांधून ओढत नेत. एकटी गाडी सहसा निघत नसे. गावच्या गाड्या रांगेने चालत, एकीचे चाक निखळले तर बाकीच्या थांबत, आणि रात्री साऱ्यांचे तळ एकत्र पडून तिथे गाणी आणि नाच रंगत. जाताना चांदणे लवकर मावळे, पण सप्तमीची पालखी पाहून परतणाऱ्या गाड्यांना पौर्णिमेकडे झुकलेल्या रात्री मिळत, त्यामुळे परतीची वाट रात्रीच अधिक कापली जाई आणि हनुमान जयंतीच्या आत घरी पोहोचता येई.

हा सारा आनंद ज्यावर उभा होता तो मुक्काम. खोपोलीला घाटाच्या तोंडाशी नाना फडणिसांनी बांधलेले महादेवाचे देऊळ आणि विस्तीर्ण तलाव आजही आहेत; पेशवाईच्या कारभाराचा व्याप सांभाळणाऱ्या त्या मुत्सद्द्याला, चढ चढण्यापूर्वी दमलेल्या जनावरांना पाणी कोठे लागेल याचेही भान होते. पनवेलमध्ये वडाळे तलाव होता. वाटेवरच्या गावांत विहिरी होत्या, पार होते, कोणा सावकाराने किंवा विधवा बाईने पुण्यार्थ बांधलेल्या धर्मशाळा होत्या, उन्हाळ्यात पाणपोया घातल्या जात. इंग्रजी अमलात सडकेवर जकातीचे नाके बसले, गोऱ्या साहेबांसाठी मुसाफिरी बंगले झाले, आणि गाडीवाल्यांसाठी गावांच्या वेशीबाहेर गाडीतळ राहिले, जिथे कोणीही आपले बैल सोडून रात्र काढावी आणि त्याला कोणी हुसकू नये. भाज्याच्या टाक्यापासून खोपोलीच्या तलावापर्यंत राजवटी बदलल्या, धर्म बदलले, वाहने बदलली. पण अनोळखी वाटसरूला पाणी, सावली आणि एका रात्रीची निर्धास्त जागा देणे हे कर्तव्य आहे, ही समजूत बदलली नाही.

ती बदलली आगगाडीने. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला, १८५८ मध्ये पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत आला, आणि मधल्या घाटाचे अंतर उतारूंनी काही वर्षे पालख्यांतून, तट्टांवरून आणि गाड्यांतून पार केले. १८६३ च्या एप्रिलमध्ये घाटातील लोहमार्ग खुला झाल्यावर ती गरजही संपली. देशावरचा माल पनवेलला न उतरता थेट मुंबईला जाऊ लागला. लमाणांचे तांडे तर त्याआधीपासूनच गाड्यांपुढे माघार घेत होते. तरीही लोहमार्गापासून दूर असलेल्या खाडीकाठच्या गावांची बैलगाडी पुढे कित्येक दशके टिकून राहिली, आणि तिला निर्णायक धक्का बसला तो १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली धाव घेतलेल्या सरकारी मोटारसेवेचा. एसटीने यात्रा स्वस्त केली, सुरक्षित केली, ज्यांना गाडी-बैल परवडत नव्हते त्यांनाही देवीच्या पायाशी नेले. तो उपकार विसरता येणार नाही. पुढे द्रुतगती मार्ग झाला आणि उलव्याहून कारल्यास सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येणेही शक्य झाले. यात गाडीतळांची गरज कोणाला उरली नाही. काहींवर बाजार बसले, काहींवर इमारती उठल्या, विहिरी बुजल्या, आणि धर्मशाळांचे दरवाजे बंद झाले.

आता ज्या ऑस्ट्रेलियाच्या फिरत्या घरांचे आपण कौतुक करतो तिथली व्यवस्था या दृष्टीने पाहावी. त्या खंडाच्या अंतर्भागातील वाहतूकही एकेकाळी बैलांच्या लांबलचक जोड्यांनी ओढलेल्या गाड्यांवर आणि उंटांच्या काफिल्यांवर चालत होती. १८६० च्या बर्क-विल्स मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून नेले गेले, आणि पुढे हिंदुस्थानच्या वायव्येकडील मुलखांतून गेलेल्या उंटवाल्यांनी त्या वाळवंटातील वस्त्यांना अन्नधान्य पुरविले. आज तिथे सहकुटुंब निघणारा गृहस्थ चाकांतील हवा, मागच्या घराचा तोल, पाण्याची टाकी आणि गॅसची नळकांडी यांची पाहणी आमच्या पणजोबांच्या गाडीवानाइतक्याच काळजीने करतो. दक्षिणेकडील आयर महामार्गावर सुमारे १४६ किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता जातो; अशा ओसाड वाटेवर लेकरांना घेऊन निघण्याचे धाडस एखादे कुटुंब करू शकते, कारण ठरावीक अंतरावर इंधन मिळेल, लहानशा गावातही मुक्कामाची आखलेली जागा, नळाचे पाणी, स्वच्छ न्हाणीघर आणि मैला रिकामा करण्याची सोय असेल, याची त्याला खात्री असते. गाडी ज्याची त्याने घ्यावी, परंतु तळ गावाने राखावा, असा तो व्यवहार आहे.

आपल्या शासनाच्या धोरणातही कॅरॅव्हॅनच्या तळांचा विचार आहे, हे समाधानाचे आहे. माझे आग्रहाचे म्हणणे एवढेच की आरंभ तिथूनच व्हावा. वाहने विकत घेणारे पुष्कळ निघतील. पण रात्री बायकामुलांसह निर्धास्त झोपता येईल अशी जागा रस्त्याकडेला नसेल तर ती वाहने धनिकांच्या दारात उभी राहतील आणि या प्रवासाचे सुख सामान्य कुटुंबाच्या वाट्याला कधीच येणार नाही. याउलट पनवेल, चौक, खोपोली, वेहेरगाव येथे ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी सावलीचे, पाण्याचे, दिवाबत्तीचे आणि पहाऱ्याचे तळ माफक दराने राखले, तर चैत्रात कारल्याला टेम्पोत दाटीवाटीने बसून जाणाऱ्या आणि मिळेल त्या कडेला चूल मांडणाऱ्या आजच्या यात्रेकरूंचीही सोय त्यातच होऊन जाईल. विमानतळाच्या आणि सेतूच्या कामासाठी या किनाऱ्याने आपली टेकडी दिली, नदी दिली, गावे दिली. त्या किनाऱ्यावरच्या माणसांना त्यांच्या देवीच्या वाटेवर चार हक्काचे मुक्काम परत मिळावेत ही मागणी अवाजवी नाही, आणि खोपोलीचा तलाव बांधणाऱ्यांच्या मुलखात ती नवीनही नाही.